कोकणच्या पावसाळ्यात ससा आणि गिनीपिगला सुके गवत: कोणते, किती आणि कसे ठेवलेले

देवगडजवळून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी दोन प्रौढ ससे आहेत, प्रत्येकी साधारण दोन किलोचे, आणि एक गिनीपिग आहे. मेच्या मध्यावर टिमोथी गवताची पाच किलोची पिशवी ऑनलाइन मागवली. सुरुवातीला तिघेही ते आवडीने खात होते. आता जुलैच्या मध्यावर पिशवीत तिसरा हिस्सा शिल्लक असताना ससे गवताला तोंड लावीत नाहीत, पेलेट (दाबून गोळ्या केलेले तयार खाद्य) आणि गाजर तेवढे मागतात. अशा वेळी दुसऱ्या कंपनीचे टिमोथी घ्यावे, लसूणघास घ्यावा, की शेजारच्या गोठ्यातले भाताण (भाताचा पेंढा) किंवा सड्यावरचे, म्हणजे कातळाच्या पठारावरचे, गवत चालेल, आणि रोज किती घालावे, असे तुम्ही विचारले आहे.

मी रत्नागिरीत बावीस वर्षे पशुवैद्यकीय व्यवसाय करते. सुरुवातीची वर्षे बहुतेक गाई-म्हशींची गेली. गेल्या दहा-बारा वर्षांत ससे आणि गिनीपिग घेऊन येणारी घरे बरीच वाढली आहेत, आणि जून ते सप्टेंबर या काळात ते ज्या तक्रारी घेऊन येतात त्यांतल्या पुष्कळशा गवतापाशी येऊन थांबतात. तुमच्या प्रश्नाचा रोख ‘कोणते गवत’ यावर आहे. माझ्या मते तुमची खरी अडचण ‘ते गवत आता किती कोरडे आहे’ ही आहे, आणि ती न सोडवता कंपनी बदलली तर ऑगस्टमध्ये तुम्ही पुन्हा याच जागी उभे असाल.

त्याआधी एक गोष्ट आजच पाहा. ससे गवत नाकारत आहेत, पण पेलेट पूर्वीइतक्याच उत्साहाने खातात का, आणि लेंड्या पूर्वीइतक्या, पूर्वीच्याच आकाराच्या पडतात का? लेंड्या लहान, वेड्यावाकड्या किंवा केसांच्या धाग्यात ओवल्यासारख्या येत असतील, हनुवटी ओली राहत असेल, किंवा गवताची काडी तोंडात घेऊन ससा ती टाकून देत असेल, तर दोष दाढांत असू शकतो आणि पशुवैद्याकडून तोंड तपासून घेतले पाहिजे. सशाने किंवा गिनीपिगने बारा तास काहीच खाल्ले नाही किंवा लेंडी टाकली नाही, तर उद्यापर्यंत वाट पाहू नका. या प्राण्यांना उलटी होत नाही आणि त्यांचे आतडे थांबले तर ते आपोआप क्वचितच सुरू होते.

हे सगळे नीट असेल तर पुढचे वाचा.

गवत कशासाठी, हे कळले की बाकीचे निर्णय सोपे होतात. सशाला २८ दात असतात आणि गिनीपिगला २०. पुढचे दात आणि दाढा दोन्ही आयुष्यभर वाढत राहतात. सशाचे पुढचे दात आठवड्याला सुमारे दोन मिलिमीटर वाढतात. ते झिजवण्यासाठी जनावराला लांब काडी आडव्या चालीने तासन्‌तास रवंथासारखी दळावी लागते; पेलेट मात्र दोन-चार चाव्यांत भुगा होऊन पोटात जाते, म्हणून कडक असूनही ते दाढांच्या कामाचे नाही. दुसरे काम आतड्याचे. गवतातला लांब, न पचणारा तंतू मोठ्या आतड्याला ढकलत ठेवतो, आणि बारीक भाग आंधळ्या आतड्यात जाऊन तिथल्या जिवाणूंकडून आंबवला जातो. त्यातून तयार झालेल्या मऊ लेंड्या प्राणी पुन्हा खातो आणि त्यातून प्रथिने व जीवनसत्त्वे मिळवतो. तंतू कमी झाला आणि गाजर-पेलेटमधली साखर व पिष्ट वाढले की त्या आतड्यातल्या जिवाणूंचा तोल जातो. म्हणून रोजच्या आहाराचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग गवताचा असला पाहिजे, असे मी प्रत्येक घराला सांगते.

आता तुमचा हिशेब पाहू. दोन किलोचा ससा रोज साधारण ७० ते १०० ग्रॅम सुके गवत संपवतो, नासाडी धरून; गिनीपिग ३० ते ५० ग्रॅम. म्हणजे तुमच्या घरी दिवसाला जवळजवळ २०० ग्रॅम लागायला हवे आणि पाच किलोची पिशवी महिन्याच्या आत रिकामी व्हायला हवी. तुमच्याकडे दोन महिन्यांत सव्वातीन किलोच्या आसपास संपले, म्हणजे तिघांना मिळून रोज ५५ ग्रॅम. ‘आवडीने खात होते’ हे खरे असेल, पण पुरेसे खात नव्हते. पेलेटने पोट भरत होते. हे मी दोष देण्यासाठी लिहीत नाही, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून अधिक घरांत हेच असते. यातून निघणारी दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे: जे गवत वीस-पंचवीस दिवसांत संपायला हवे होते ते साठ दिवस उघड्या पिशवीत राहिले, आणि त्यातले शेवटचे तीस-पस्तीस दिवस पावसाळ्याचे होते.

सुके गवत हे स्पंजासारखे असते. हवा जितकी दमट तितके पाणी ते स्वतःत ओढून घेते, एक थेंब पाऊस न लागताही. साठवणीसाठी त्यात पंधरा टक्क्यांपेक्षा कमी ओलावा असावा लागतो; वीस टक्क्यांच्या पुढे बुरशी जोमाने वाढते. आपल्या किनाऱ्यावर जुलैमध्ये हवेतली आर्द्रता दिवसेंदिवस ८५ टक्क्यांच्या वर राहते, आणि अशा हवेत मोकळे ठेवलेले उत्तम प्रतीचे गवतही थोड्या दिवसांत ती मर्यादा ओलांडते. यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही, तुमच्या स्वयंपाकघरातली मिठाची बरणी पाहा. बारीक मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेच्या पुढे हवेतले पाणी ओढू लागते, आणि तीच सीमा गवत धोक्याकडे झुकू लागण्याची आहे. (खडेमीठ वापरत असाल तर ते त्यातल्या इतर क्षारांमुळे याहून लवकर पाणी धरते, त्यावरून अंदाज करू नका.) ज्या आठवड्यात बारीक मीठ बरणीत गोळा होते, त्या आठवड्यात उघडे गवतही दमट होत असते, हे मी गृहीतच धरते.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. व्यवसायाच्या आठव्या-नवव्या वर्षी एका कुटुंबाला मी छापील सल्ला दिला होता, की गवत हवेशीर ठेवा, प्लास्टिकमध्ये कोंडू नका, गोणपाटात भरून सावलीत ठेवा. त्यांनी तसेच तंतोतंत केले. ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांचा ससा शिंकत, नाक गळत, खाणे सोडलेल्या अवस्थेत माझ्यापुढे आला, आणि मी गोणपाट मागवून झटकले तेव्हा पांढुरका धुरळा उडाला. ससा तीन आठवड्यांच्या उपचारांनंतर वाचला. सल्ला चुकीचा नव्हता, तो कोरड्या हवेच्या मुलुखासाठी लिहिलेला होता, आणि मी तो आपल्या किनाऱ्यावर, आपल्या महिन्याचा विचार न करता, जसाच्या तसा दिला. त्या दिवसापासून मी गवत ठेवण्याचे दोन नियम सांगते: एक कोरड्या ऋतूचा आणि एक पावसाळ्याचा.

नोव्हेंबर ते मे गोणपाट, जाळीची पिशवी किंवा उघडा खोका योग्यच आहे, कारण गवतात उरलेला ओलावा बाहेर पडायला वाट मिळते. मात्र आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीच्या वेळी, आपण पापड, कोकम आणि सुकी मासळी डब्यांत बंद करतो त्याच आठवड्यात, मेच्या शेवटी, गवतालाही तीच वागणूक द्यावी. एक-दोन दिवस कडक उन्हात पातळ पसरून, सावलीत पूर्ण गार करून, आठवड्याला पुरेल एवढ्या छोट्या पुड्यांत बांधून ते घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या डब्यांत भरावे. गरम असताना भरू नका. आत वाफ धरते. एका वेळी एकच पुडी उघडावी, बाकीचे डबे ती संपेपर्यंत उघडूच नयेत, कारण प्रत्येक वेळी झाकण उघडले की जुलैची हवा आत जाते. डबे जमिनीवर आणि भिंतीला टेकून ठेवू नका, फळीवर ठेवा. आणि झाकण खरोखर घट्ट असावे, याचे कारण केवळ ओलावा नाही: उंदराचे मूत्र लागलेले गवत पावसाळ्यात घरात वावरणे हे आपल्या जिल्ह्यांत, जिथे लेप्टोस्पायरोसिस दरवर्षी डोके वर काढतो, माणसांसाठीही धोक्याचे आहे.

डब्यात भरण्याआधी गवत खरोखर कोरडे आहे का, हे पाहण्याची शेतकऱ्यांची जुनी पद्धत आहे. काचेच्या कोरड्या बरणीत गवताचे मूठभर तुकडे आणि तव्यावर भाजून गार केलेले दोन चमचे बारीक मीठ घालून झाकण लावा, चांगले हलवा आणि पंधरा-वीस मिनिटांनी पाहा. मीठ सुटे राहिले तर गवत भरण्याजोगे आहे. मिठाचे गोळे झाले किंवा ते काचेला चिकटले तर अजून वाळवायला हवे. मीठ भाजून घेणे विसरू नका, नाहीतर मिठाचाच ओलावा गवताच्या नावावर जमा होईल.

तुमच्या पिशवीतल्या उरलेल्या गवताचे काय? ते खिडकीजवळ, प्राण्यांपासून आणि दम्याचा त्रास असलेल्या माणसांपासून दूर नेऊन झटका. धुरळा उडत असेल, बंद ट्रंकेसारखा कुबट वास येत असेल, काड्या एकमेकींना चिकटून झुपके झाले असतील, काळे-करडे ठिपके दिसत असतील किंवा मध्ये हात घातल्यावर ऊब लागत असेल, तर ते सगळे टाकून द्या. वरचे खराब म्हणून खालचे निवडू नका. ऊन मिळाल्यास वाळवून घालू, असाही विचार करू नका: उन्हाने बुरशीची वाढ थांबेल, पण तिने आधीच सोडलेले विष उन्हाने जात नाही, आणि अफ्लाटॉक्सिनसारख्या विषाला ससा हा सर्वांत नाजूक प्राण्यांपैकी एक आहे. आंब्याच्या आळ्यात टाकायला ते उत्तम आहे. याउलट गवत नुसते मऊ पडले असेल, वास अजून चहाच्या सुक्या पानासारखा गोडसर असेल आणि धुरळा नसेल, तर परातीत पातळ पसरून रात्रभर पंख्याखाली ठेवा आणि दुसऱ्याच दिवशी घाला. बहुधा तुमच्या सशांनी नाकाने हा निर्णय तुमच्याआधी केला आहे. गवत नाकारणारा ससा हट्टी आहे असे मानण्यापूर्वी गवताचा वास आपण स्वतः घ्यावा.

आता गवताच्या जातीकडे येते. टिमोथी हे थंड हवेच्या प्रदेशातले गवत आहे; आपल्याकडे ते बाहेरूनच येते. ते चांगले आहे, त्यात तंतू भरपूर आणि कॅल्शियम बेताचे असते, पण ते एकमेव योग्य गवत आहे ही समजूत जाहिरातींनी पसरवली आहे. देशात पिकणाऱ्या ओटचे, म्हणजे जईचे, फुलोऱ्यात कापून वाळवलेले गवत माझ्या अनुभवात सशांना तितकेच आवडते आणि बहुतेकदा स्वस्त पडते. प्रौढ प्राण्यांना लसूणघास रोजचा आहार म्हणून नको. त्यात पंधरा ते वीस टक्के प्रथिने असतात, आणि कॅल्शियम सव्वा ते दीड टक्का, म्हणजे साध्या गवताच्या दुप्पट-तिप्पट. सशाचे शरीर आहारातले कॅल्शियम गरज असो वा नसो शोषून घेते आणि जास्तीचे लघवीवाटे टाकते. लघवी खडूच्या पाण्यासारखी दाट होते आणि पुढे मूत्राशयात गाळ किंवा खडा धरतो. सहा महिन्यांखालची पिल्ले, गाभण आणि दूध पाजणाऱ्या माद्या यांना तो उपयोगी आहे. तुमच्या सशांना नाही; फार तर नवे गवत खायला लागावे म्हणून आठ-दहा दिवस चिमूटभर मिसळा.

सड्यावरच्या गवताविषयी मात्र मला सविस्तर सांगायचे आहे, कारण ते आपल्या दारातले आहे आणि त्याची उपेक्षा होते. मारवेल, पवन्यासारखी गवते आणि कातळावरचे ते बारीक, मऊ पात्याचे गवत वेळेवर कापले तर ससा आणि गिनीपिग दोघांनाही उत्तम. अडचण ‘वेळेवर’ या शब्दात आहे. गवत फुलोऱ्यात येते तेव्हा, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, ते सर्वांत सकस असते, पण तेव्हा पाऊस पुरता गेलेला नसतो. आणि सगळीकडे कापणी होते तोवर ते पिवळे, काडीचे आणि पोषणाने रिते झालेले असते. त्यातच कुसळी गवत असेल तर त्याची पीळदार कुसळे तेव्हा पक्व झालेली असतात. ती हिरड्यांत, जिभेखाली, डोळ्यांत आणि पायाच्या बोटांमध्ये रुततात; दर हिवाळ्यात दोन-तीन प्राण्यांच्या तोंडातून मी ती चिमट्याने काढते. म्हणून घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंतची उघडीप साधावी, कुसळ आलेला पट्टा सोडावा, दव उडाल्यावर सकाळी कापून खळ्यात पातळ पसरावे, दिवसातून दोनदा परतावे, आणि पहिल्या-दुसऱ्या दिवसाच्या उन्हानंतर सावलीत वाळवावे, म्हणजे हिरवा रंग आणि वास टिकतो. काडी पिळल्यावर वाकली तर थांबावे, कटकन मोडली तर भरावे.

कलमबागेतले गवत मात्र फुकट मिळाले तरी आणू नका. मोहोर आल्यापासून हापूसवर कीटकनाशकांच्या आणि बुरशीनाशकांच्या फवारण्या होतात आणि त्यांचा बराचसा भाग खालच्या गवतावर पडतो. गाईच्या तुलनेत दोन किलोच्या शरीराला त्याचा थोडासा अंशही जड जातो. तसेच आंबे पिकवण्याच्या आढीतले वापरलेले भाताण कधीही नको. आंब्याचा रस लागलेले ते गवत सर्वांत आधी बुरशी धरते.

गोठ्यातल्या चांगल्या भाताणाविषयी: ते अंथरायला उत्तम, चघळायला चालेल, पण मुख्य आहार म्हणून नको. त्यात प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के असतात, सिलिका बरीच, आणि पावसाळी भाताची कापणी बऱ्याचदा परतीच्या पावसात सापडत असल्यामुळे उडवीतच (रचलेल्या राशीतच) ते आतून काळे पडलेले असते. घ्यायचेच असेल तर वायंगणी भाताचे घ्या, ते कोरड्या दिवसांत कापलेले असते. नाचणीचे काड त्याहून बरे. दोन-चार दिवसांची अडचण निभवायला यांचा उपयोग मला मान्य आहे.

गवत घालण्याची पद्धत पावसाळ्यात बदलावी लागते. ‘चोवीस तास गवत समोर असावे’ हा नियम बरोबर आहे, पण सकाळी घातलेला मोठा भारा संध्याकाळपर्यंत मऊ पडतो आणि ससा उरलेल्यावर मुततो. त्याऐवजी दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी सैल मूठभर, लेंड्यांच्या तबकाशेजारी टांगलेल्या जाळीत घाला. ससे एका बाजूला लेंड्या टाकत दुसऱ्या बाजूला खाणे पसंत करतात. रात्रीची मूठ सर्वांत मोठी असू द्या, कारण ते खरे खाणे संध्याकाळी आणि पहाटे करतात. पेलेट वजनाच्या किलोमागे रोज २५ ग्रॅमपेक्षा अधिक नको, आणि तेही गवत खाऊन झाल्यावर. गाजर आठवड्यातून दोनदा, बोटाच्या पेराएवढे.

बाहेर सगळीकडे हिरवे गवत माजलेले असताना ते का घालू नये, असे तुम्ही विचारलेले नाही, पण विचाराल. घालावे, जरूर घालावे, दुर्वा तर फारच चांगल्या. फक्त पहिल्या पावसाच्या कोवळ्या गवतात बहुतांश पाणीच असते; एकदम परडीभर घातले तर पोट बिघडते. दोन-चार काड्यांपासून सुरू करून आठ-दहा दिवसांत वाढवा, धुऊन, निथळून, पंख्याखाली कोरडे करून घाला, आणि ते सुक्या गवताच्या जोडीला असू द्या. तण उपटताना घाणेरी, टाकळा किंवा अळूचे पान त्यात येणार नाही हे पाहा. गिनीपिगला याशिवाय रोज किलोमागे १० ते ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व बाहेरून मिळावे लागते, कारण आपल्यासारखेच त्याचे शरीरही ते तयार करीत नाही आणि सुक्या गवतात ते उरत नाही. पेलेटमधलेही दमट हवेत लवकर नष्ट होते. ढोबळी मिरचीचा एक तुकडा आणि कोथिंबिरीच्या चार काड्या रोज द्या.

काही गोष्टी तुमच्या घरावर अवलंबून आहेत. घर खाडीच्या कडेला आणि कौलारू असेल तर ओलावा अधिक, वरच्या मजल्यावर पक्क्या स्लॅबचे असेल तर कमी. पहिल्या प्रकारच्या घरात पुडी आठवड्याऐवजी चार दिवसांची बांधा. ससा आधीपासून पेलेटवर वाढलेला असेल तर त्याला गवताकडे वळवायला तीन-चार आठवडे लागतात, आणि त्या काळात पेलेट एकदम बंद करता येत नाही. दर तीन दिवसांनी थोडे कमी करा आणि आठवड्यातून दोनदा स्वयंपाकघराच्या काट्यावर वजन करा. वजन शंभर ग्रॅमने उतरले तर कपात थांबवा आणि मला किंवा जवळच्या पशुवैद्याला विचारा.

तेव्हा या आठवड्यात असे करा. जुने गवत तपासून टाका किंवा पंख्याखाली वाळवा. जई किंवा टिमोथी एक-एक किलोच्या बंद पुड्यांत मागवा, पाच किलोची पिशवी आता नको. पोचताच फोडून वास घ्या, आणि पावसात भिजून आली असेल तर लगेच परत करा. दरम्यान दोन दिवस धुतलेल्या, कोरड्या केलेल्या दुर्वा थोड्या-थोड्या देत राहा आणि लेंड्यांवर लक्ष ठेवा. गावातल्या गवत कापणाऱ्याला आत्ताच सांगून ठेवा, की गणपती झाल्यावर नवरात्रात उघडीप मिळताच कातळावरचे, कुसळ न आलेले, तीस-पस्तीस किलो भरेल एवढे वाळलेले गवत हवे आहे. तुमच्या तिघांना ते नोव्हेंबरपासून एप्रिलच्या सुमारापर्यंत पुरेल, आणि आगोटीच्या डब्यांसाठी वेगळे दहा-पंधरा किलो त्याच वेळी बाजूला काढता येईल.